अंगाचं विरजण

तळवस्तीत उतरणाऱ्या प्रत्येकाला आधी पुसून काढत. पुसणं म्हणजे आंघोळ नव्हे. टाळूपासून नखांपर्यंत निळसर फेस लावून अंगावरचे सूक्ष्मजीव मारायचे, तासभर कातडी कोरी ठेवायची आणि मग तिच्यावर ‘सौम्य’चा फवारा मारायचा. वर जमिनीवरही वर्षातून दोनदा सगळेच सौम्य घेत, पण तिथे एखाद्यानं टाळलं तरी खपून जाई. समुद्राखाली तीच ती हवा गाळून पुन्हा छातीत घ्यावी लागे. तिथे कुणी ऐकून घेत नसे.

माणसाच्या घामाला मुळात वास नसतो. कातडीवर राहणारे जंतू तो खातात आणि त्यांच्या खाण्यातून वास तयार होतो. हे ज्ञान जुनंच. घाम खाऊनही वास न सोडणारे जंतू वाढवता येतील, ते सगळ्यांना वाटता येतील, ही कल्पना मात्र नंतरची, आणि तेच सौम्य. ती कल्पना इतकी यशस्वी झाली की ऋजुताच्या पिढीनं माणसाचा वास कधी घेतलाच नव्हता. मे महिन्यात गच्च भरलेल्या बसमध्ये तिला वास येई तो फक्त सीटच्या रेक्झिनचा. जुन्या सिनेमात कुणी कुणाचा सदरा छातीशी धरून डोळे मिटले, की तो माणूस नेमकं काय करतो आहे हे तिला कळत नसे.

म्हणूनच वेंगुर्ल्यापासून दूर, समुद्राच्या तळावरच्या त्या वस्तीत तिनं आपल्या खोलीचं दार सरकवलं आणि ती खरोखरच एक पाऊल मागे आली.

मेथीची जुडी पिशवीत विसरावी तसा तो वास होता. त्यात आंबट ताक होतं, जिरं होतं, कांदा चिरून न धुतलेल्या पाटाचा उग्रपणा होता. पण तो खाण्याच्या पदार्थाचा वास नव्हता, कारण त्याला ऊब होती.

“आलीस होय? ये की आत,” खालच्या बर्थवरची बाई उठत म्हणाली. “वृषालीची ऋजू ना तू? कपाळ अगदी तिचंच घेतलंयस. वरची बर्थ तुझी. तुझ्या आईचीच ती.”

ही स्नेहल शिंगटे. मूळची कोल्हापूरकडची, साठीला टेकलेली, गुडघ्यांनी बेजार. समुद्राच्या प्रवाहावर फिरणाऱ्या, वीज करणाऱ्या प्रचंड चक्क्या वस्तीभोवती होत्या. त्यांच्या पात्यांवर शिंपले धरत. ते खरवडणारा यंत्राचा हात स्नेहल आणि ऋजुताची आई दोघी मिळून चालवत. कामही जोडीनं आणि खोलीही एकच, अशी त्यांची कित्येक वर्षं गेली होती. आई त्या वरच्या बर्थवरच, झोपेत, हृदय थांबून गेली होती.

ऋजुता सात वर्षांची असताना आईनं ही नोकरी धरली. वडील नव्हते. ऋजुता चिपळूणला आत्याकडे वाढली. आई वर्षातून एकदा येई, हसे, खाऊ आणी, केस विंचरून देई आणि जाई. तिच्या कुशीत शिरलं की धुतलेल्या ताटाजवळ बसल्यासारखं वाटे. शेवटी आईचा देह वर आला तोही नियमाप्रमाणे पुसून, बंद करून. चेहरा पाहताना ऋजुताला रडू आलं नाही. एखाद्याच्या घरी जावं आणि दार कधी पूर्ण उघडूच नये, तशी आई संपली होती. हवेची यंत्रं दुरुस्त करण्याचं काम ऋजुताला येत होतं. तळवस्तीला तशी माणसं लागत. आईची खोली मागून तिनं सहा महिन्यांचा करार केला. आई इथे कशी होती एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि आता त्या खोलीत श्वास घेणं जड होत होतं.

तिनं उपाय सुरू केले. हवेच्या झरोक्याचं तोंड स्नेहलमावशींच्या बर्थकडून दुसरीकडे वळवलं. दुरुस्तीच्या खोलीतून कोळशाची जादा गाळणी आणून तिथे बसवली. पेपरमिंटच्या गोळ्या चघळल्या, ओढणी नाकावर घेऊन झोपली. शेवटी काही सुचेना तेव्हा तिनं वरून आणलेला चंदनाचा साबण मावशींना भेट दिला. काही दिवसांनी दुसरा दिला.

“तुला साबणाची भारी हौस दिसते,” मावशी म्हणाल्या. “ठेवते हं जपून. वर गेल्यावर सुनेला दाखवीन.”

“वापरा ना मावशी. जपायला काय आहे त्यात?”

“अगं, इतका छान साबण रोजच्याला कोण काढतं?”

मावशींशी भांडणं अशक्य होतं. त्या तिच्यासाठी जेवणघरातून भाकरीचा पापुद्रा राखून ठेवत. आईच्या गोष्टी सांगत. आई घोरायची, पत्त्यांत लबाडी करायची, चक्कीच्या पात्यात अडकलेल्या एका कासवाला सोडवायला तिनं अख्खी पाळी घालवली आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. ऋजुता ओढणीआडून ऐके. मनात येई, ही बाई लबाडी करणाऱ्या, घोरणाऱ्या आईबरोबर राहिली. मला मिळाली ती पाहुणी. आणि त्या कडवटपणातच तो वास तिला अधिक झोंबे.

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. डॉ. फैयाज मुकादम दापोलीचे. वस्तीतल्या सगळ्यांची कातडी दर वर्षी तपासणं आणि सौम्यवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. ते चहात बिस्किट बुडवत होते.

“डॉक्टर, खोलीत काही गळत असतं तर मला सापडलं असतं, माझं कामच ते आहे. वास स्नेहलमावशींच्या अंगाला येतो. त्यांना सौम्य द्या ना पुन्हा.”

“दिलंय. दोन-तीनदा. टिकत नाही.” त्यांनी बिस्किट वेळेत तोंडात टाकलं. “बसा. तुमच्याकडे घरी दही लावायचे का?”

“आत्या लावायची.”

“विरजण संपलं तर?”

“शेजारून आणायचं.”

“मग दही कुणाचं व्हायचं? तुमचं की शेजारणीचं?”

ऋजुताला हे कुठे चाललं आहे ते कळेना. “दूध आमचं. चव थोडी त्यांच्याकडची यायची.”

“बस. कातडीचंही तसंच आहे. घाम हे दूध आणि जंतू हे विरजण. जुन्या काळी प्रत्येकाचं विरजण वेगळं होतं आणि ते पक्कं बसलेलं असायचं. एका खोलीत दोन माणसं राहिली तरी ज्याचं त्याचं टिकून राही, फार तर थोडी देवघेव. सौम्यचं तसं नाही. ते भिडस्त आहे. कुणी दांडगा आला की हे जागा सोडून उठतं. वरती सगळेच भिडस्त, म्हणून निभावतं. इथे एक दांडगं विरजण शिल्लक राहिलं. स्नेहलताईंच्या अंगावरचं ते त्यांचं नाही.”

“मग कुणाचं?”

मुकादमांनी कप खाली ठेवला. “मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत असेल. म्हणूनच तुम्ही ती खोली मागितलीत असं मी धरून चाललो. तुमच्या आईचं.”

भिंतीपलीकडे पंप चालू होता. त्याचा आवाज नीट आहे की नाही, हे ऋजुता सवयीनं ऐकत राहिली.

“वृषालीताईंना सौम्य मानवत नसे,” डॉक्टर सांगू लागले. “लाल चट्टे उठायचे. तेव्हा इथे असताना मी त्यांना त्यातून सूट दिली होती. पुसून काढलं तरी केसांच्या मुळाशी थोडं उरतंच. तेच त्यांचं स्वतःचं हळूहळू वर आलं. मग टॉवेल, चादरी, यंत्राच्या एकाच दांड्यावरचे दोघींचे हात. दोन-तीन वर्षांत ते स्नेहलताईंकडे जाऊन बसलं. पुढे वृषालीताई सुट्टीवर निघाल्या की दारात पुन्हा पुसल्या जायच्या, वरती सौम्य, चट्टे, मलम. परत इथे यायच्या तेव्हा कोऱ्या. आणि महिन्याभरात मी तपासावं तर तेच मूळ विरजण पुन्हा हजर. स्नेहलताईंकडून परत मिळालेलं.”

“मावशींना माहीत आहे?”

“नसावं. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही. नाक नेहमीच्या वासाची दखल घेणं सोडून देतं, नाहीतर नवं काही कळायचंच नाही त्याला. बाकीच्यांची नाकंही सरावली. सांगणार कोण?”

“आई मला कधी म्हणाली नाही, सौम्यनं त्रास होतो म्हणून.”

“मला एकदा म्हणाल्या होत्या. वर गेले की मी दुसरीच कुणीतरी असते, मुलीला भेटते ती दुसरीच.” त्यांनी खांदे उडवले. “मी तेव्हा मलम वाढवून दिलं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते ऋजुताला पुढे कधीच पूर्णपणे पेलता आलं नाही. हे विरजण वृषालीताईंचंही नव्हतं. जन्मताना ते त्यांना त्यांच्या आईकडून मिळालं होतं. वाटेतून बाहेर येताना, मग छातीशी, मग मांडीवर. त्या आईला तिच्या आईकडून. थोडं बदलत, थोडं इकडून तिकडून मिसळत, पण न तुटता. चुली नव्हत्या, शेती नव्हती, बोलायला शब्दही नसतील, तेव्हापासून एक बाई दुसरीला हे देत आली होती. राज्यं बुडाली, भाषा गेल्या, देवांची नावं बदलली, आणि हे मात्र अंगावरून अंगावर चालत राहिलं. ऋजुता जन्मली त्या इस्पितळात बाळाला पहिल्याच तासात पुसून सौम्य देण्याची पद्धत होती. ती साखळी तिथे, एका परिचारिकेच्या हातातल्या बोळ्यानं तुटली होती.

“तुटली नाही,” मुकादम म्हणाले. “एका शेजारणीकडे थांबलीय. पण स्नेहलताई पुढच्या महिन्यात कायमच्या वर चालल्यात. दारात त्यांना पुसतील. खाली-वर येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच तो नियम चुकत नाही. आणि वरती दर सहा महिन्यांनी सौम्य, म्हणजे मुळाशी उरलेलं डोकं वर काढणार नाही.”

ती खोलीत परतली तेव्हा मावशी कामावर होत्या. तिनं कोळशाची गाळणी काढून टाकली. झरोक्याचं तोंड पुन्हा होतं तिकडे वळवलं. मग मावशींच्या उशाची चादर उचलून तिनं नाकाशी धरली, सिनेमातल्या त्या माणसांसारखी, आणि श्वास घेतला.

वास फिका होता. ती हादरली. गेल्या काही दिवसांत त्रास कमी झाला होता तो गाळणीमुळे नव्हे. तिचं नाक शिकलं होतं. ज्या दिवसांत तो वास नवा होता, तेवढे सगळे दिवस तिनं पेपरमिंट चघळण्यात घालवले होते.

दुरुस्तीच्या खोलीत पथारी टाकून ती तीन रात्री तिथे झोपली. मावशींना सांगितलं, पंपाचं काम निघालंय. चौथ्या सकाळी ती खोलीच्या दाराशी आली, क्षणभर थांबली आणि दार सरकवलं.

मेथी, ताक, जिरं, ऊब. हे सगळं तिच्यावर आलं, आणि या वेळी ती मागे सरली नाही. ती त्या वासात उभी राहिली. इथे कुणीतरी राहतं आहे, घोरतं आहे, पत्ते लपवतं आहे, कासवासाठी बोलणी खातं आहे, हे तिला शब्दांवाचून कळलं. आई तिला प्रथमच भेटत होती, गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या एका परक्या बाईच्या अंगावरून.

“काय गं, दारात काय उभी? झाला का पंप?”

ऋजुता खाली बसली आणि तिनं मावशींना सगळं सांगितलं.

मावशी आधी लाजल्या, मग चिडल्या. “म्हणजे मला वास मारतो? इतकी वर्षं? आणि जेवणघरात एवढी माणसं माझ्या मांडीला मांडी लावून बसतात, एकाच्या तोंडून शब्द नाही? आणि तू. म्हणून साबण होय गं?”

“म्हणून साबण.”

मावशी हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी स्वतःची बाही नाकाशी नेली. मग दुसरी. मग हसणं थांबलं.

“मला काहीच येत नाही,” त्या म्हणाल्या. “ती गेली ना, तेव्हा मी तिच्या उशीत तोंड घातलं होतं. आमच्या लहानपणी माणसांना वास असायचे गं, सौम्य नंतर आलं. माझा आजोबा गेला तेव्हा त्याच्या फेट्याला कितीतरी दिवस त्याचा वास होता. म्हटलं, हिचं तेवढं तरी राहील. काहीच नव्हतं. म्हटलं, इथली यंत्रं सगळंच पुसून नेतात.” त्यांनी बाही खाली सोडली. “आणि ती माझ्याच अंगावर बसली होती.”

खिडकीबाहेरच्या काळ्या पाण्यातून पांढुरक्या कणांचा पाऊस सावकाश पडत होता. वरच्या समुद्रात मेलेल्या बारीक जीवांचा तो भुगा रात्रंदिवस तळाशी येई, आणि तळाचे सगळे जीव त्यावर जगत.

“घेऊन जा तू ते,” मावशी शेवटी म्हणाल्या. “माझ्याकडे ठेव म्हणून होतं असं समज.”

मुकादमांनी पद्धत सांगितली. ती ऐकून ऋजुताला हसू आलं, इतकी ती साधी होती. ऋजुताची कातडी कोरी करायची, सौम्य द्यायचं नाही, आणि मावशींनी दिवसभर घातलेला सदरा रोज तिनं अंगात घालून झोपायचं. वाटीतून विरजण न्यावं तसंच.

“एक चांगलं आहे,” डॉक्टर म्हणाले. “स्नेहलताईंचा घाम वेगळा, म्हणून तो वासही थोडा वेगळाच होता. तुमचा घाम अर्धा आईच्या वळणाचा. विरजण तेच आणि दूध नात्यातलं. कदाचित अगदी त्यांच्यासारखा वास येईल. कुणी डोळे मिटून ओळखावं इतका.” मग ते टेबलावरच्या चमच्याची जागा बदलत राहिले. “आता दुसरं. एकदा ते बसलं की तुम्हाला तो वास येणार नाही. आठवडा, दोन आठवडे, मग संपलं. आणि तुम्ही वर गेलात की दारात पुसतील.”

“कुपीत ठेवता येणार नाही? गोठवून?”

“जंतू राहतील. वास राहणार नाही. त्याला अंग लागतं.”

“म्हणजे मी घेतला तर मला येणार नाही. नाही घेतला तर कुणालाच येणार नाही.”

“हो.”

“आणि टिकवायचा तर मला इथेच राहावं लागेल.”

“तेवढं आज ठरवायची गरज नाही,” मुकादम म्हणाले.

त्या संध्याकाळी मावशींनी अंगातून काढलेला सदरा घडी न घालता तिच्या हाती दिला. तो कोमट होता. ऋजुतानं तो लगेच घातला नाही. बराच वेळ नुसता धरून बसली, कारण घातला की उलटी मोजणी सुरू होणार होती. मग तिनं डोक्यावरून तो ओढून घेतला.

दिवस जात राहिले. रोज सकाळी उठल्याबरोबर ती मनगट नाकाशी नेई. आधी वास होता. मग असल्यासारखा वाटे. मग एका सकाळी तो नव्हता, आणि तो गेल्याचं दुःखही एकदम आलं नाही, कारण गेला तो क्षण तिला सापडलाच नव्हता. त्याच आठवड्यात जेवणघरात शेजारी बसलेला एक नवा तंत्रज्ञ हळूच दोन जागा पलीकडे सरकला. ऋजुतानं ते पाहिलं आणि भाकरी मोडता मोडता ती थांबली. त्या माणसाच्या नाकानं नुकतंच तिच्या आईला पाहिलं होतं. त्याला ती ओळखीची नव्हती एवढंच.

मावशींना जाण्याआधी पुसलं गेलं. सौम्य बसेपर्यंत काही दिवस डॉक्टरांच्या स्वच्छ खोलीत वेगळं राहायचं आणि मग वर नेणारा डबा, अशी रीत होती. डबा लागतो त्या गोल कक्षात ऋजुता निरोप द्यायला गेली. जमिनीवर पिवळी रेघ होती. जाणाऱ्यानं रेघेपलीकडे, राहणाऱ्यानं अलीकडे. स्पर्श करायचा नाही.

मावशी आल्या. नव्या कपड्यांत त्या जरा लहान दिसत होत्या. “गुडघे तेवढे जुनेच राहिले बघ,” असं काहीतरी म्हणत त्या रेघेपाशी पोचल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

त्यांचं नाक कोरं झालं होतं. त्यांच्या अंगावर आता कुणीच नव्हतं.

त्यांनी एक श्वास घेतला, तो सोडला नाही. डोळे मिटले गेले. चेहऱ्यावरचं वय कुठेतरी निघून गेलं.

“वृषे,” त्या म्हणाल्या.

ऋजुता निश्चल उभी राहिली. मी ऋजू आहे, असं म्हणणं सोपं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं.

“न सांगता गेलीस तू,” मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. “मी खालीच होते की गं. एक हाक मारायचीस. इतक्या वर्षांत मी कधी उठले नाही असं झालंय का?”

डब्याच्या दारावरचा दिवा लागला. चालकानं घड्याळाकडे पाहिलं, मग या दोघींकडे, आणि तो दुसरीकडे बघू लागला.

आईनं ऐकायला हवं होतं ते आता कुणीतरी तिला सांगत होतं, आणि ते ऐकायला ऋजुताचे कान होते. ती श्वास घेत होती. हवेत तिला फक्त धातूचा आणि रबराचा वास येत होता. आई या कक्षात होती, रेघेच्या या बाजूला, तिच्या काखेत, तिच्या मानेच्या खळगीत. समोरच्या बाईला ती लख्ख कळत होती, आणि जिच्या अंगावर ती होती त्या ऋजुतालाच ती कळत नव्हती. पूर्वीच्या सगळ्या बायका अशाच उभ्या राहिल्या असतील, आपण कुणाला घेऊन चाललोय याचा पत्ता नसलेल्या. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीत एक प्रकारची नम्रताही होती.

“आहेस ना?” मावशींनी विचारलं.

“आहे,” ऋजुता म्हणाली.

आवाज तिचा होता. बोललं कोण, हे तिला नक्की सांगता आलं नसतं.

मावशी आणखी थोडं पुढे वाकल्या, रेघेच्या अगदी कडेपर्यंत. तेव्हा ऋजुतानं केस बांधायचे असल्यासारखे दोन्ही हात वर केले, काखा मोकळ्या ठेवल्या, आणि समोरच्या श्वासाला पुरेसं मिळेपर्यंत ते खाली घेतले नाहीत.